वारुळाची देवी आणि लाकडाचा मंडप

पेडणे तालुक्यात देवळाविषयी बोलणं निघालं की बोलणं गाभाऱ्यापाशी जाऊन थांबतं. देवी कुठून आली, मूर्ती कशाची, तरंगं किती, मान कोणाचा. इतिहास लिहिणारेही तिथंच थांबतात. ज्याच्याखाली बसून आपण गाऱ्हाणं ऐकलं, कीर्तन ऐकलं, रात्रभर दशावतार बघितला, त्या लाकडी मंडपाविषयी सहसा कोणी लिहीत नाही. हा लेख त्या मंडपाविषयी आहे. खांब, तुळया, वासे आणि वरची कौलं, एवढाच विषय.

आत्ताच लिहायचं कारण म्हणजे देवळाचा नेमका हाच भाग आपल्याकडून झपाट्यानं नाहीसा होतो आहे. जीर्णोद्धाराची पत्रिका येते तेव्हा गाभारा बहुधा जागेवरच असतो. पाडलेला असतो तो मंडप. त्याच्या जागी आर.सी.सी.चे खांब आणि स्लॅब उभे राहतात. आमच्या इब्रामपूरच्या आसपासच्या एका गावात सध्या हीच चर्चा चालू आहे, आणि मी सिव्हिल इंजिनिअर म्हणून तिथल्या मंडळींनी माझं मत विचारलं. त्यांना चार ओळींत उत्तर दिलं, पण विषय चार ओळींत मावण्यासारखा नव्हता. तो इथं सविस्तर मांडतो. गावाचं नाव देत नाही, कारण निर्णय त्यांचा आहे आणि अजून व्हायचा आहे.

गाभारा चिऱ्याचा, मंडप लाकडाचा

आधी थोडा मागचा संदर्भ. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादीतली देवळं पाडली गेली, हे सर्वांना माहीत आहे. पेडणे त्या वेळी पोर्तुगीजांकडे नव्हतं. ते सावंतवाडीकर भोसल्यांच्या मुलखात होतं आणि १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेलं. तोपर्यंत त्यांचं धोरण बदललेलं होतं, नव्या काबिजादीतल्या लोकांच्या धर्मात आणि चालीरीतींत हात न घालण्याची हमी त्यांनी दिली होती. त्यामुळे पेडण्यात देवळं बांधण्याची परंपरा मध्येच तुटली नाही. बांधणारे हात, लाकूड ओळखणारे डोळे, मान-पानाची व्यवस्था, सगळं सावंतवाडीच्या बाजूशी जोडलेलं राहिलं. आजही दोडामार्ग ओलांडून पलीकडच्या गावात गेलं तर देऊळ ओळखीचं वाटतं ते त्यामुळेच.

या देवळांचे बांधणीच्या दृष्टीनं दोन भाग पडतात. गाभारा चिऱ्याचा, जाड भिंतींचा, लहान दाराचा आणि काळोखा. त्याच्यापुढे मंडप, ज्याला आपण चौकही म्हणतो, तो लाकडी खांबांवर उभा आणि बाजूंनी उघडा किंवा कमरेएवढ्या भिंतीचा. दोन्हींची कामं वेगळी. गाभाऱ्यात दिवा अखंड जळतो, तिथं आग लागू नये आणि आतली वस्तू सुरक्षित राहावी. मंडपात शे-दोनशे माणसं बसतात, तिथं वारा खेळावा, पाऊस आत येऊ नये आणि समोरचं सगळ्यांना दिसावं. चिऱ्याच्या भिंतीला दाबाखाली उभं राहता येतं, पण चिऱ्याची लांब तुळई करता येत नाही, ती मधोमध मोडते. लाकडाला दाब आणि वाकणं दोन्ही सोसतं. म्हणून जिथं मोकळी जागा हवी तिथं लाकूड आणि जिथं बंदिस्त खोली हवी तिथं चिरा, अशी ही साधी विभागणी आहे. लाकडी मंडप ही गरिबीची तडजोड होती असं काही जण म्हणतात ते मला पटत नाही. चिरा इथं हवा तेवढा मिळत होता. मंडप लाकडाचा केला तो विचार करून.

भार कुठून कुठे जातो

मंडपाचं माप खणात मोजतात. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. खण केवढा ठेवायचा ते तुळईच्या लाकडावर ठरतं. दहा फूट सरळ आणि निर्दोष मिळणारी तुळई असेल तर खण दहा फुटांचा. म्हणजे देवळाचा आकार जंगलातल्या झाडानं ठरवलेला असतो.

पावसाचं पाणी आणि कौलांचं वजन आधी रीपांवर येतं. रीपांवरून वाशांवर, वाशांवरून आढ्यावर आणि कडेच्या तुळयांवर, तुळयांवरून खांबावर आणि खांबावरून दगडी उथळ्यावर. खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं दोन्ही बाजूंना कोरीव लाकडी हात असतात. पोपट, केळफूल, वेल अशी नक्षी आपण त्यावर बघतो, पण त्या हातांचं मूळ काम दोन प्रकारचं. एक, तुळईचा मोकळा पल्ला कमी करायचा. दोन, वादळी वारा आला तर खांब आणि तुळईमधला काटकोन मोडू द्यायचा नाही. सांधे खाच आणि खुंटीचे. लोखंडी खिळा जवळजवळ नाहीच, कारण दमट हवेत लोखंड गंजतं आणि आजूबाजूचं लाकूड काळं पडून सडतं. लाकडी खुंटी लाकडाबरोबर फुगते आणि लाकडाबरोबर आकसते.

त्या गावच्या मंडपात मी एक साधा हिशेब केला. खण दहा फुटी, म्हणजे आतल्या एका खांबाच्या वाट्याला शंभर चौरस फूट छप्पर. मंगळुरी कौलं, रीपा, वासे आणि तुळया धरून चौरस मीटरला सत्तर-ऐंशी किलो. सगळं मिळून एका खांबावर एक टनाच्या आसपास. खांब नऊ इंची चौरस, सागाचा. भारतीय मानकांप्रमाणे चांगल्या सागाला जो दाब सुरक्षित मानतात, तो हात राखून धरला तरी तो खांब तीस टन उचलू शकतो. तीस टनांची ताकद आणि एक टनाचं काम! मग एवढा जाड खांब कशाला? काही भाग नक्षीसाठी, काही रुबाबासाठी. पण मला वाटतं, खरं कारण मेस्तांच्या अनुभवात होतं. खांबाचा अर्धा भाग कधी किडला तरी मंडप उभा राहिला पाहिजे आणि तो खांब सावकाश बदलायला गावाला वेळ मिळाला पाहिजे. ही जाडी म्हणजे दुरुस्तीसाठी आधीच राखून ठेवलेली मुदत.

देवीच वारुळाची

आता मुख्य शत्रूकडे येतो. सातेरी आपल्याकडे गावोगाव आहे, आणि सातेरीचं मूळ रूप वारूळ. कोकणीत ज्याला रोयण म्हणतात तेच. कित्येक देवळांत गाभाऱ्यातल्या वारुळावर मुखवटा चढवून पूजा होते. वारूळ कोण बांधतं? वाळवी. म्हणजे ज्या गावानं वाळवीचं घर देवी म्हणून पुजलं, त्याच गावानं तिच्यासमोर लाकडाचा मंडप उभारला. वाचकांनी यात चेष्टा शोधू नये. मला त्यात समजूत दिसते. वाळवीला इथून हाकलता येणार नाही, ती इथली आधीची रहिवासी आहे. तिच्या शेजारी लाकूड घेऊन राहायचं तर नियम पाळून राहावं लागेल, हे बांधणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

ते नियम असे. खांब कधीही जमिनीत पुरायचा नाही. तो दगडी उथळ्यावर ठेवायचा. वाळवी मातीतून ओल घेऊन वर चढते, त्यासाठी तिला मातीची नळी बांधावी लागते. दगडावर ती नळी लगेच दिसते आणि झाडूच्या एका फटक्यानं पडते. रोज झाडलोट करणारी बाई म्हणजे मंडपाची पहिली इंजिनिअर, असं मी म्हणतो ते याच अर्थानं. दुसरा नियम, लाकूड भिजलं तर लगेच सुकलं पाहिजे. उघड्या बाजू, लांब पागोळी आणि उंच जोतं यांमुळे ते साधतं. तिसरा, गाभ्याचं लाकूड घ्यायचं. झाडाच्या बाहेरच्या पांढऱ्या थरात साखर आणि पिष्ट असतं, किडीला तेच हवं असतं. साग, फणस, किंदळ, माट्टी ही लाकडं आपल्याकडे वापरात दिसतात. खांबाला आणि नक्षीला साग किंवा फणस, वाशांना किंदळ, माट्टी. चौथा, धूर आणि तेल. समयांची काजळी वर वाशांवर बसत असे आणि काजूच्या टरफलाचं काळं तेल लाकडाला पाजत. त्या तेलाजवळ कीड फिरकत नाही, हे होड्या बांधणाऱ्यांना विचारा.

आणि पाचवा नियम सगळ्यांत मोठा. दरवर्षी पावसाआधी शाकारणी. कौलं उतरवायची, फुटलेली बदलायची, वासे ठोकून बघायचे, पोकळ आवाज आला तर तो वासा काढून दुसरा घालायचा. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो अशा मुलखात ही शाकारणी चुकली तर दोन-तीन पावसाळ्यांत आढं खाली येतं. म्हणजे मंडप टिकतो तो लाकडाच्या गुणानं अर्धा आणि गावाच्या सवयीनं अर्धा.

मंडपावरचं परकं कौल

पूर्वीची छपरं नळ्यांची. कुंभारानं चाकावर केलेल्या अर्धगोल नळ्यांचे उलटसुलट दोन थर. वजनदार, आणि माकडं किंवा मांजरं नाचली की सरकणारे. आज जुन्या मंडपांवर दिसतात ती सपाट, खाचांची मंगळुरी कौलं. ती आली कुठून?

१८१५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात एक मिशन स्थापन झालं. त्याची माणसं १८३४ मध्ये मंगळूरला आली. स्विस आणि जर्मन, रिफॉर्म्ड आणि ल्यूथरन अशी ती मिश्र मंडळी. त्यातले पुष्कळ जण दक्षिण जर्मनीतल्या वुर्टेम्बर्ग भागातल्या ल्यूथरन घरांतून आलेले होते. ख्रिस्ती झालेल्या लोकांना जातीबाहेर पडल्यामुळे धंदा उरत नसे, म्हणून मिशननं विणकामाचे आणि कौलांचे कारखाने काढले. कौलांचा पहिला कारखाना १८६५ मध्ये गेओर्ग प्लेब्स्ट यानं मंगळूरला जेप्पू इथं, नेत्रावतीच्या काठी उभारला. नदीकाठची चिकण माती, यंत्राचा साचा आणि भट्टी. एकमेकांत अडकणारं, प्रत्येकी दोन-अडीच किलोचं, चौरस मीटरला पंधरा-सोळा बसणारं हे कौल किनाऱ्यानं सगळीकडे पसरलं. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं ते कारखाने ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. तोपर्यंत मंगळुरी कौल हे कोकणच्या छपराचं दुसरं नावच झालं होतं.

सातेरीच्या मंडपावर प्रोटेस्टंट मिशनऱ्यांचं कौल चढलं, आणि कोणाला त्याचं काही वाटलं नाही. छप्पर हलकं झालं, वाऱ्यात सरकणं कमी झालं, शाकारणीचं काम सोपं झालं. जे चांगलं ते घेतलं. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण जुन्याची बाजू घेणाऱ्यांना नवं काही नकोच असतं असा एक समज आहे. आपले पूर्वज नवं घेत होते, फक्त जुन्या सांगाड्याला झेपेल असं घेत होते.

दोन ल्यूथरन चर्चं

त्या गावच्या बैठकीत मला एक प्रश्न वारंवार विचारला गेला. लाकूड शेवटी टिकणार किती? प्रश्न योग्य होता. उत्तरासाठी जिथं लाकडाची खूप जुनी प्रार्थनास्थळं आहेत तिथं बघावं लागतं. अशी काही आहेत उत्तर युरोपात, म्हणजे ल्यूथरन पंथाच्या मुलखात.

नॉर्वेमधलं उर्नेस इथलं लाकडी चर्च बाराव्या शतकातलं आहे. बांधलं तेव्हा ते कॅथलिक होतं, सोळाव्या शतकात देशच ल्यूथरन झाला तेव्हा तेही झालं. १९७९ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत आलं. त्याच्या आधीच्या पिढीतली तिथली चर्चं टिकली नाहीत, कारण त्यांचे खांब जमिनीत पुरलेले होते आणि बुडाशी सडले. मग तिथल्या सुतारांनी खांब वर उचलून दगडावर टेकलेल्या आडव्या लाकडांवर बसवले, आणि ती चर्चं आठशे-नऊशे वर्षं उभी राहिली. आपला उथळा आणि त्यांची ही युक्ती एकच आहे. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. ओल आणि लाकूड यांचा स्वभाव सगळीकडे सारखा, म्हणून उत्तरही सारखं निघालं.

दुसरं उदाहरण आपल्याला अधिक जवळचं. फिनलंडच्या मध्यभागी पेतायावेसी नावाचं खेडं आहे. दोन तळी जिथं भेटतात तिथं जिभेसारख्या जमिनीवर त्यांचं जुनं चर्च उभं आहे. उन्हाळ्यात लोक होड्यांनी यायचे, थंडीत गोठलेल्या तळ्यावरून. बांधकाम १७६३ ते १७६५. त्याच १७६३ साली इकडे फोंडा पोर्तुगीजांकडे गेला, एवढ्यावरून काळाचा अंदाज येईल. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्यात होतं. चर्च बांधायला स्टॉकहोमची परवानगी लागे. गावकरी नकाशाच्या मंजुरीसाठी थांबले नाहीत, त्यांनी आपल्या भागातला याक्को क्लेमेतिनपोइका लेप्पानेन हा मेस्त गाठला आणि काम सुरू केलं.

त्यांच्याकडे थंडी, म्हणून उघडा मंडप चालत नाही. भिंतीच लाकडाच्या. पाइनचे लांब ओंडके आडवे एकावर एक रचायचे आणि कोपऱ्यात खाचा मारून एकमेकांत अडकवायचे. इथं खणाचाच प्रश्न वेगळ्या रूपानं येतो. भिंत ओंडक्यापेक्षा लांब करता येत नाही. मग मोठं चर्च कसं करायचं? उत्तर, क्रूसाचा आकार. चार बाजूंना चार आखूड भुजा, म्हणजे कोपरे जास्त, आणि प्रत्येक कोपरा भिंतीला ताठ धरतो. वर लाकडी कमान आणि मधोमध लाकडी घुमट. शहरातल्या दगडी चर्चमधला आकार खेड्यातल्या सुतारानं कुऱ्हाडीनं लाकडात उतरवला. ल्यूथरन उपासनेत प्रवचन लोकांच्या भाषेत आणि मध्यवर्ती, म्हणून प्रवचनाचं आसन सगळ्यांना दिसेल असं. ते आसन कोरलेल्या संत ख्रिस्तोफरच्या मूर्तीच्या खांद्यावर तोललेलं आहे. आपल्या खांबावरचे हात आणि हा ख्रिस्तोफर, काम एकच: भार उचलणं. १८२१ मध्ये लेप्पानेनच्याच नातवानं, एर्क्कीनं, पश्चिमेला घंटेचा मनोरा जोडला. आजोबांचं काम नातवानं पुढे नेलं, हे आपल्या मेस्तांच्या घरांत काही नवं नाही.

आता मुद्द्याचा भाग. १८७९ मध्ये गावानं नवं चर्च बांधलं आणि जुनं वापरातून गेलं. ते पाडलं गेलं नाही याचं कारण कलाप्रेम नव्हतं. मनोऱ्यातली घंटा आणि आवारातली दफनभूमी वापरात राहिली, म्हणून लोक येत राहिले, एवढंच. १९२०च्या दशकात योसेफ स्ट्रझिगोव्स्की या ऑस्ट्रियन कला-इतिहासकारानं त्याचं मोल बोलून दाखवलं, मग दुरुस्ती झाली, आणि १९९४ मध्ये ते जागतिक वारसा ठरलं. ज्या गावानं ते जुनाट म्हणून सोडलं होतं त्याच गावाची ओळख आज त्या चर्चवरून होते. मधली चाळीसेक वर्षं ते निव्वळ नशिबानं वाचलं. आपल्या पावसात एखादा मंडप चाळीस वर्षं नशिबावर सोडला तर काय उरेल, ते वेगळं सांगायला नको.

त्याच १९९४ साली जपानमध्ये नारा इथं जगभरचे जाणकार जमले. अस्सल म्हणजे काय, हा प्रश्न होता. जपानात इसे इथलं देवस्थान दर वीस वर्षांनी नव्या लाकडानं पुन्हा तसंच उभारतात, मग ते जुनं की नवं? नाराच्या मसुद्यानं मान्य केलं की अस्सलपणा फक्त मूळ वस्तूत नसतो. आकार, वापर, परंपरा आणि तंत्र यांतही असतो. आपल्या शाकारणीला याहून चांगलं समर्थन नको. एकेक वासा बदलत गेला, शंभर वर्षांत अर्धे वासे नवे झाले, तरी मंडप तोच. जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थच तो आहे. जीर्ण झालेल्याला वर काढणं, म्हणजे वाचवणं. सगळं पाडून नवं करणं याला दुसरा शब्द शोधावा लागेल.

काँक्रीटचा हिशेब

मी आयुष्यभर काँक्रीट ओतलं. त्याचा शत्रू नाही. पूल, टाकी, बंधारा यांना त्याच्यासारखं काही नाही. पण देवळाच्या मंडपावर त्याचा हिशेब नीट मांडायला हवा.

पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जातं, म्हणजे कौलारू छपराच्या चौपट. गोवा भूकंपाच्या नकाशात तिसऱ्या विभागात येतो. चिऱ्याच्या जुन्या गाभाऱ्याला खेटून हे वजन उभं केलं की दोन्हींचे पाये वेगवेगळे खचतात आणि सांध्यात भेग पडते. पाणी तिथूनच गाभाऱ्यात शिरतं. दुसरं, सळी. काँक्रीटच्या आतला क्षार सळीला गंजू देत नाही, पण हवेतला कार्बन वायू आणि ओल वर्षानुवर्षं आत मुरत जाते आणि तो क्षार संपतो. गंज चढला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो आणि काँक्रीट आतून फुटतं. ती सळी बदलता येत नाही. किडलेला वासा एका दिवसात बदलता येतो.

आणि आपल्या डोळ्यांसमोरचा पुरावा बघा. सपाट स्लॅब काही वर्षांनी गळू लागतो, म्हणून लोक त्याच्यावर पत्र्याचं उतरतं छप्पर घालतात. म्हणजे शेवटी आपण उतरत्या छपराकडेच परत येतो, फक्त दुप्पट खर्च करून आणि उकाडा वाढवून.

तरीही त्या गावच्या मंडळींचं म्हणणं मी उडवून लावत नाही. मेस्त मिळत नाहीत. झाड तोडायचं तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. सागाचा भाव ऐकून छाती दडपते. शाकारणीला माणसं जमत नाहीत, कारण तरुण पोरं म्हापशाला, पणजीला, मुंबईला. स्लॅब एकदा घातला की दरवर्षीची कटकट गेली असं त्यांना वाटतं. शिवाय मुंबईकरांनी वर्गणी दिलेली असते, त्यांना काहीतरी नवं झालेलं दिसायला हवं असतं. पेडण्याच्या पुनवेला भूतनाथ एका रात्रीत देऊळ बांधून मागतो आणि गाव त्याला कबूल करतं, अशी आपल्याकडची कथा आहे. ते देऊळ अजून झालेलं नाही. घाईनं देऊळ होत नाही, हे आपण दरवर्षी वाजतगाजत मान्य करतो आणि जीर्णोद्धाराच्या वेळी विसरतो.

मंडपाचं वय कसं ओळखावं

आपल्या अभ्यासमंडळातल्या सभासदांना उपयोगी पडेल म्हणून थोडं लिहितो. मंडप किती जुना, हे गावात विचारलं तर उत्तर येतं: पांडवांच्या काळचा. लाकूड त्याहून नेमकं बोलतं.

लाकडाचा न रंगवलेला भाग बघा, तुळईची वरची बाजू किंवा वाशाची मागची. वाकसानं तासलं असेल तर उथळ वाटीसारखे ठसे एकामागून एक दिसतात. दोन माणसांच्या मोठ्या करवतीनं कापलं असेल तर सरळ पण कमी-जास्त अंतराच्या रेघा. गिरणीच्या गोल पात्यानं कापलं असेल तर कमानीसारख्या रेघा, म्हणजे ते लाकूड अलीकडचं. एकाच मंडपात तिन्ही सापडले तर घाबरू नका, ती दुरुस्त्यांची वंशावळ आहे.

वाशांवर रीपांच्या खिळ्यांची जुनी भोकं बघा. मंगळुरी कौलाला रीपा ठरावीक अंतरावर लागतात. त्या अंतराशी न जुळणारी जुनी भोकं असतील तर छप्पर आधी नळ्यांचं होतं. सांध्यांवर कोरलेल्या बारीक खुणा बघा. मेस्त खाली जमिनीवर जोडणी करून, खुणा घालून, मग वर चढवत. खुणांचा क्रम चुकलेला असेल तर मंडप कधीतरी उतरवून पुन्हा उभारला आहे.

आणि कागद. देवस्थानांचा कारभार पोर्तुगीज काळापासून नियमाखाली आहे. १९३३ ची देवस्थान नियमावली आजही चालते आणि मामलेदार तिचा प्रशासक असतो. त्यामुळे जमाखर्चाच्या वह्या ठेवाव्या लागत. जुन्या मोडीत, नंतरच्या पोर्तुगीजमध्ये. लाकूड, कौलं, सुताराची मजुरी यांच्या नोंदी त्यात असतात. उत्सवाच्या खर्चाची पानं सगळे वाचतात, दुरुस्तीची कोणी वाचत नाही. ती वाचा.

त्या गावाला दिलेला सल्ला

राज्याच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत किल्ले आहेत, गुंफा आहेत, दगडी देवळं आहेत, चर्चं आहेत. गावोगावच्या लाकडी मंडपांना तिथं जागा मिळेल याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. करायचं ते गावानंच.

मी त्या मंडळींना सुचवलं ते असं. देवीचा कौल घेण्याआधी छपराची कौलं काढून बघा. प्रत्येक खांब, तुळई आणि वासा यांना नंबर द्या, ठोकून, टोचून तपासा, वहीत लिहा. एवढं दोन दिवसांत होतं. त्या मंडपात बत्तीस खांब-तुळयांपैकी खरोखर गेलेल्या पाच निघाल्या, बाकी वरवरचं होतं. पाच बदलायला लागणारा खर्च आणि संपूर्ण स्लॅबचा खर्च शेजारी शेजारी लिहा. पाच लाकडांसाठी जुन्या घरांची उतरवलेली लाकडं बघा, आपल्या तालुक्यात घरं रोज पडताहेत आणि त्यातला साग चांगल्या अवस्थेत विकला जातो. किडलेला फक्त खांबाचा बुंधा असेल तर तेवढाच कापून खाली नवं लाकूड जोडता येतं, पूर्ण खांब टाकायची गरज नाही. वर्गणीतला एक भाग बँकेत ठेवा आणि त्याच्या व्याजावर शाकारणी करा. जागा कमी पडत असेल तर नवा सभागृह जरूर बांधा, काँक्रीटचा बांधा, पण देवळापासून हात राखून बाजूला. पेतायावेसीच्या लोकांनी नवं चर्च दुसरीकडे बांधलं म्हणून जुनं उरलं.

आणि एवढं करूनही गावानं पाडायचंच ठरवलं तर आधी मोजमाप घ्या, फोटो काढा, एक तरी पूर्ण सांधा, हातासकट, जपून ठेवा. आपल्या मंडळाकडून दोघं-तिघं टेप आणि वही घेऊन यायला तयार आहेत, मीही आहे. पावसाआधी कळवलं तर बरं, कारण कौलं त्याच वेळी उतरलेली असतात आणि एरवी न दिसणारं लाकूड तेव्हाच दिसतं.